फणसाखालचं बाकडं

“…म्हणून म्हणतो बुवा, अठरा व्होल्टचं यंत्र घ्यावं की वीसचं, एवढंच सांगा.”

धोंडबुवांनी गवत कापणं थांबवलं. कमरेला पंचा, पायांत कुणा भक्तानं दिलेले गमबूट, आणि हातात बॅटरीवर चालणारं गवत कापायचं यंत्र. गडहिंग्लजकडच्या माळावरल्या त्या मठात पहिल्यांदा आलेला माणूस हा अवतार बघून बुवांनाच विचारतो, बुवा कुठं भेटतील?

“दोन्हीत फरक काय हाय?” बुवांनी विचारलं.

“खरं सांगायचं तर काहीच नाही. पेटीवर आकडे वेगळे छापतात. आत सगळं एकच.”

“मग इचारतोस कशाला?”

मुकुंदराव हेर्लेकरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. 

त्यांची सगळी नोकरी एका साखर कारखान्याच्या खरेदी खात्यात गेली. तीन कोटेशनं आल्याशिवाय त्यांनी टाचणीसुद्धा घेतली नाही, आणि ही गोष्ट ते चारचौघांत मान वर करून सांगत. निवृत्त झाल्यावर खुर्ची सुटली, सवय तेवढी घरी आली.

घरामागच्या पत्र्याच्या खोलीत सुतारकामाची हौस भागवायची, परड्यातलं रान काढायचं, आणि सगळं वायरीच्या कटकटीशिवाय, बॅटरीवर. ड्रिल, करवत, गवताचं यंत्र. बेत झकास होता. हेर्लेकरांचे बेत नेहमीच झकास असत.

“अडचण बॅटरीची आहे,” ते आता समजावून सांगू लागले. “एकदा एका कंपनीची बॅटरी घेतली की पुढचं प्रत्येक यंत्र तिचंच घ्यावं लागतं. दुसऱ्याची त्यात बसतच नाही. जन्माची सोयरीक आहे ही, बुवा. घाई करून कसं चालेल?”

“तुझं लगीन कसं जमलं?”

“…आं?”

“पोरी किती बघितल्यास?”

“एकच.” हेर्लेकरांना नकळत हसू आलं. “निपाणीला गेलो होतो. पोहे खारट झाले होते, तिच्याच हातचे. मी मागून घेऊन खाल्ले आणि बाहेर येऊन वडिलांना हो म्हणून सांगितलं.”

“तिथं न्हाई मागवलीस तीन कोटेशनं?”

हेर्लेकरांचं हसू मावळलं. बुवांनी थट्टाच केली होती, पण ती नको तिथं लागली.

कुमुदला जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

तिनं मागितलं होतं ते एवढंसं. परड्यात फणसाचं झाड आहे, त्याखालचं गवत काढा आणि मला तिथं बसायला एक बाकडं करून द्या. बाजारचं आणलं असतं तरी तिची काही हरकत नव्हती. पण हेर्लेकरांनी छाती फुगवून सांगितलं, “बाजारचं कशाला? मी स्वतः करतो. हत्यारं तेवढी नीट निवडू दे.”

मग निवड सुरू झाली. मोबाइलवर जगभरचे लोक लाकडाला भोकं पाडताना दिसू लागले. कोल्हापूरचे दुकानदार हेर्लेकर येताना दिसले की चहा प्यायला निघून जात. सवलतीला भुलून एक ड्रिल घेतलं, ते बारा व्होल्टचं. त्याची बॅटरी करवतीला चालणार नाही, हे मागून कळलं. खरेदी खात्याच्या माणसाकडून अशी चूक व्हावी, या विचारानं त्यांना जेवण गोड लागेना. ड्रिल पेटीतच राहिलं आणि शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

खंडेनवमीला त्यांनी ते ड्रिल पाटावर मांडलं. कुमुदनं हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडून म्हणाली, “आज हत्यारांना विश्रांती द्यायची म्हणतात. ह्या बिचाऱ्याला शीण तरी कसला आलाय?”

दोघंही खूप हसले होते.

पुढच्या खंडेनवमीला ते कोरंच ड्रिल परत पाटावर आलं. कुमुदनं हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि ती आत गेली. बोलली नाही काही. टोमणा चुकला म्हणून हेर्लेकरांना त्या वेळी बरंच वाटलं होतं. दिवाळीनंतर तिचं पोट दुखायला लागलं, दवाखाने सुरू झाले, आणि मग बाकड्याचा विषय काढायचं तिनंच सोडून दिलं.

तिचं ते न बोलता आत जाणं आज त्यांच्या जिवाला खात होतं. भांडली असती तर परवडलं असतं.

“वर्षश्राद्धाच्या आत बाकडं करायचंय,” ते बुवांना म्हणाले.  “तिच्या नावाचं. आता तरी काही चुकायला नको, म्हणून तुमच्या पायांशी आलो. तुम्ही रोज वापरता. हे तुमचं कुठल्या कंपनीचं?”

बुवांनी हातातलं यंत्र उलटंपालटं करून बघितलं.

“हिरवं हाय.”

“नाही, म्हणजे… बरं. बॅटरी किती अँपिअरची?”

“ते काय ठावं न्हाई बाबा.”

“सगळ्या आवाराला पुरते का?”

“कधी पुरती. कधी न्हाई पुरत.”

“आणि नाही पुरली तर?”

“तर बसतो.”

बुवांनी खटका दाबला. यंत्रानं आणखी थोडं गवत कापलं, मग त्याचा आवाज बारीक होत गेला आणि ते बंद पडलं. बुवांनी ते बाजूला ठेवलं आणि होते तिथंच, अर्ध्या कापलेल्या गवतात, मांडी ठोकली.

हेर्लेकर उभेच राहिले. पँट इस्त्रीची होती, आणि आसपास टेकायला दगडही नव्हता.

“चार्जिंगला लावू का?” त्यांनी विचारलं.

 बुवा समोर बघत होते. माळाच्या उतारावर एक म्हातारी शेरडांच्या मागं चालली होती, आणि शेरडं तिचं मुळीच ऐकत नव्हती. बुवांना त्याची गंमत वाटत असावी. हेर्लेकरांनी तिकडं एकदा बघितलं आणि पुन्हा यंत्राकडं.

“फणसाखाली बसून तिला काय बघायचं हुतं?” बुवांनी मान न वळवता विचारलं.

“कुणाला? कुमुदला?”

“व्हय.”

“बघायचं म्हणजे… तिथून… मागच्या बाजूला ओढा आहे. नाही, ओढा दिसत नसावा, मध्ये दगडांचा गडगा येतो. सावली असते दुपारची, ती टेकायची तिथं कधीकधी, तशीच गवतात…”



बाकड्याला कुठलं लाकूड टिकेल हे त्यांना माहीत होतं. फळी किती जाडीची हवी, स्क्रू किती लांबीचा, पावसात तेल कुठलं लावायचं, सगळं तोंडपाठ होतं. त्या झाडाखाली बसल्यावर समोर काय येतं, ते माहीत नव्हतं. ते स्वतः तिथं कधी बसलेच नव्हते. गवत होतं ना.

“बरं, बाकडं केवढं म्हणाली हुती?” बुवांनी विचारलं. “तिच्या एकटीपुरतं, का दोघांचं?”

हेर्लेकरांनी दोन्ही हातांनी हवेतच लांबी धरून बघितली आणि हात खाली सोडले.

“…विचारलं नाही.”

“तिनं सांगितलं न्हाई?”

“सांगितलं असेल. मला वाटतं एकदा मोजायची टेप घेऊन आली होती माझ्याकडं. मी तेव्हा मोबाइलवर दोन करवतींची तुलना करत होतो. थांब जरा, म्हटलं मी तिला. मग ती…”

 मोठमोठ्या कंत्राटदारांना कारखान्याच्या दारात तिष्ठत ठेवणारा तो माणूस दोन्ही हातांनी तोंड झाकून लहान पोरासारखा रडला. बायको गेल्यावर तिसऱ्या दिवशी किंवा तेराव्यालाही तो असा रडला नव्हता. तेव्हा सगळी व्यवस्था बघायची होती.

बुवांनी त्यांना रडू दिलं. पाठीवर हात ठेवायलाही ते उठले नाहीत.

शेरडं उताराआड गेली. वारा पडला.

“मी काय करू, बुवा?” हेर्लेकरांनी रुमालानं डोळे पुसले. “अठरा घेऊ, वीस घेऊ, काहीही सांगा. तुम्ही म्हणाल ते आजच घेतो. दुसरं कोटेशनसुद्धा मागवत नाही.”

“घरला जा.”

“आणि?”

“परड्यात जा. फणसाखाली बस. तिला काय दिसत हुतं ते बघून घे.”

हेर्लेकर घोटाळले. सवयच तशी. आधी मांडणी, मग काम.

“बसू कशावर पण? बाकडं तर अजून झालंच नाही, बुवा…”

धोंडबुवांनी पहिल्यांदाच मान वळवून त्यांच्याकडं बघितलं.

“तिला तरी कुठं हुतं?”