तीर्थाकाठची तगर

"पण माझं चुकलं काय, ते तरी सांगा."

अच्युतने हे तिसऱ्यांदा विचारलं. आंबेखोलच्या मठाचे नारबुवा ओसरीवर बसून कोयत्याला धार लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

अच्युतला मठात येऊन नऊ वर्षं झाली होती. सगळा रुद्र तोंडपाठ, आवाज खणखणीत. अभिषेकाला येणारी माणसं आधी त्याची चौकशी करतात आणि मग देवाची, असं गाव थट्टेनं म्हणे. त्याला ती थट्टा वाटत नसे, एवढाच काय तो दोष. बुवांच्या उजव्या हाताची जागा त्याची. तिथे दुसरं कोणी बसलं तर तो बोलत काही नसे, नुसता समोर उभा राही.

श्रावण चार दिवसांवर आला होता. आणि त्याच सकाळी बुवांनी त्याला कातळवाडीला जाऊन राहायला सांगितलं होतं. दुपारच्या एसटीने.

कातळवाडीला मठाची एक खोली होती, कित्येक वर्षं कुलूप लागलेली. भोवती गवळ्यांची सात-आठ घरं. तिथे ना देऊळ, ना अभिषेक. रुद्र म्हटलाच तर ऐकायला शेळ्या.

"काहीतरी चुकलं असणार," अच्युत म्हणाला. "नाहीतर ऐन श्रावणात मला…"

बुवांनी अंगठ्याने धार पाहिली आणि ते उठले.

"पहार घे. चल."

देवळाच्या उत्तरेला अभिषेकाचं पाणी दगडी गोमुखातून बाहेर पडतं. त्याच्या बरोबर खाली एक झुडूप होतं. चार वर्षांपूर्वी अच्युतनेच तगरीचं रोप म्हणून आणून लावलेलं. जागाही त्यानेच निवडली होती. दूध, दही, मध, भस्म, देवाच्या अंगावरून जे येईल ते आधी याच्या मुळाशी.

तीर्थ ओलांडायचं नाही, म्हणून प्रदक्षिणेची माणसं तिथवर येऊन मागे फिरत. त्याच धाकाने खुरपं घेऊनही तिथे कोणी उतरलं नव्हतं. चार वर्षांत झुडूप गुडघ्याएवढं झालं होतं. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. फूल एकही नाही. तरी आल्यागेल्याला अच्युत ते हौसेनं दाखवी.

"कसलं झाड हे?" बुवांनी विचारलं.

"तगर."

"पान मोड."

अच्युतने मोडलं. देठ कोरडाच राहिला.

"तगरीला चीक असतो."

"अशक्त आहे, बुवा. आटला असेल."

बुवा कुंपणापाशी गेले. तिथे तगरीची रांग होती, रोजच्या पूजेची फुलं तिथूनच येत. एक पान मोडून ते घेऊन आले. मोडल्या जागी पांढरा थेंब जमला होता. तो त्यांनी अच्युतच्या अंगठ्याला लावला.

अच्युत अंगठ्याकडे बघत राहिला.

"मग… हे काय आहे?"

"अनंत."

चार वर्षं किती जणांना आपण तगर म्हणून सांगितलं, हे आठवून त्याचे कान लाल झाले. बुवांनी त्याला समजावलं, की अनंताला ओल लागते पण साचलेलं पाणी सोसत नाही, आणि राख तर अजिबात नाही. ही पानं त्यामुळेच पिवळी पडली आहेत.

"पण हे तीर्थ आहे, बुवा."

"तसं त्याला सांगून बघ."

आणि बुवांनी धोतर वर खोचून सरळ तीर्थाच्या ओघळात पाय ठेवला. चाळीस वर्षं ते या जागेवरून मागे फिरत आले होते.

"बुवा, पाय…"

"धुईन नंतर. पहार दे."

दोघांनी चारी बाजूंनी माती सैल करून झुडूप उचललं. आंबलेल्या दुधाचा वास आला. गोमुखाकडची मुळं काळी पडून लिबलिबीत झाली होती. पलीकडच्या बाजूला मात्र मूठभर पांढरी मुळं होती. ती ओघळापासून लांब, कोरड्या मातीकडे गेलेली होती.

बुवांनी काळी मुळं कोयत्याने साफ केली. मग वरच्या फांद्याही निम्म्या उतरवल्या.

"आहे तेही कापताय?" अच्युतला ते बघवेना.

"उरलेली मुळं एवढ्यालाच पुरतील."

त्यांनी ओल्या गोणपाटात मुळं गुंडाळून सुंभाने बांधली. कपाळाचं कुंकू बोटावर घेऊन खोडाला एका बाजूला टिकली लावली. ही बाजू आजवर उगवतीला होती, तिथेही उगवतीलाच ठेव, म्हणाले.

"तिथे म्हणजे?"

बुवांनी झुडूप त्याच्या हातात दिलं.

"खोलीच्या मागे उतार आहे. लाल माती. पाणी थांबत नाही."

अच्युतने ते छातीशी धरलं. मग वळकटी काखेत मारून तो बुवांच्या मागून फाट्यापर्यंत गेला. बुवांना वाईट वाटत होतं. नऊ वर्षं पहाटे त्याचाच आवाज ऐकून ते उठत आले होते.

एसटी आली. अच्युत पायरीवर चढला आणि वळला.

"बुवा, श्रावण संपला की… येऊ परत?"

बुवांनी गोणपाटाची गाठ एकदा ओढून पाहिली.

"महिनाभर पानं गळतील. घाबरून पुन्हा इकडे आणू नकोस."