काजूवाल्यांची एकच मागणी

तालुक्यातल्या काजू कारखानदारांनी अधिवेशनाआधी आमदारांसाठी अकरा मागण्यांचं निवेदन तयार केलं. त्यांत रेवती गावडेचा कारखाना सगळ्यांत लहान. वीज अशीच जात राहिली, तर यंदा त्याला कुलूपच लागणार होतं.

आमदार बापूसाहेबांनी यादीवरून नुसती नजर फिरवली.

"अकरा? ही काय रुखवताची यादी आहे? एकच सांगा. हे पत्रकार बसलेत, त्यांच्यासमोर शब्द देतो."

झालं! रस्तावाले वीजवाल्यांवर घसरले, वीजवाले पाणीवाल्यांवर. बापूसाहेब मजेत चहाचे घुटके घेत बसले. त्यांना हेच तर हवं होतं.

रेवती उठली. आपण चुकतोय की काय, असं तिला उभी राहतानाच वाटलं. पण आता बसणं जास्त अवघड होतं.

"साहेब, एकच. तुमचं संपर्क कार्यालय आमच्या औद्योगिक वसाहतीत आणा. जागा आम्ही देतो, तुम्ही रोज दुपारी येऊन बसा."

कारखानदार संघटनेच्या अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. "वहिनी, घालवलंत सगळं."

बापूसाहेब मात्र दचकले. "तिथं? अहो, त्या रस्त्यानं गाडी खिळखिळी होते. दुपारभर वीज नाही, पाणी टँकरचं. माणसानं बसायचं कसं?"

पत्रकार भराभर लिहीत होते.

"आम्ही चारशे माणसं बसतोच की," रेवती हळूच म्हणाली. "कार्यालय राहू द्या साहेब. आत्ता बोललात ना, तेवढंच विधानसभेत बोला."