पाळण्याखालची आत्या

एका राज्यात मी, सगुणा, सुईण होते, आणि माझं कुणी खरं मानलं नाही. राजाची लेक याच हातांनी जगात आणली. दासी, पुरोहित, खुद्द राजा, सगळ्यांना बजावलं, बारसं लांबवू नका. सगळे हसले.

त्या राज्याची रीत अशी, की बाळाचं नाव आत्यानंच ठेवायचं. दुसऱ्या कुणी ठेवलं तर ते बाळाला लागत नाही. ही आत्या म्हणजे राजाची थोरली बहीण. मोठी हुशार. तिला साधं नाव चालेना. बाराव्या दिवशी म्हणाली, "उद्या." दुसऱ्या दिवशीही म्हणाली, "उद्या. घाई कसली?"

दर 'उद्या'ला बाळ हलकं होत गेलं. आधी सावली गेली. मग ते आरशात दिसेना. मग तोंड पाळण्यात उघडं आणि रडणं भिंतीच्या आतून. पाळण्याखाली मात्र कुणीतरी बसून जड होत होतं. मी वाकून पाहिलं. आत्याच! तेच डोळे, तीच नथ. आणि खरी आत्या माझ्यामागे वेणी घालत उभी.

राजाला सांगितलं. तो म्हणाला, "भवाने, चेटूक तुझंच. बाळ गेलं तर तूही जाशील." मला तिथंच खांबाला बांधलं.

तिन्हीसांजेला खिडकीत पिंगळा बसला आणि माणसासारखा बोलला. "आत्याबाई, उंबऱ्यावरचा दिवा विझायच्या आत तीन कामं. न्हाऊ घालायला विहिरीचं पाणी, घुगऱ्यांचे हरभरे, आणि नाव. नाहीतर नाव ती खालची ठेवील. मग बाळ तिचं."

आत्या अंगणातल्या विहिरीवर गेली. पाणी काठोकाठ. तिनं पदर नीट केला, पाणी खाली गेलं. घागर पुसली, पाणी दिसेना.

मी खिडकीतून ओरडले, "पुसता काय? सोडा!"

सोडली. घागर भरून आली, गाळासकट.

मग माझ्यासमोर येऊन हरभरे निवडायला बसली. निवडलेला दाणा न् दाणा डोळा उघडून तिच्याकडे बघू लागला. तिचा हात थांबला.

"सगुणे, खडे राहतील गं."

"दात पडतील फार तर. टाका!"

तिनं सूप पातेल्यात उपडं केलं. दाण्यांचे डोळे मिटले.

मग पाळणा. खालची गोड आवाजात म्हणाली, "आज ठेवशील ते साधंच असेल. लोक म्हणतील, एवढी हुशार आणि हेच सुचलं? उद्या याहून चांगलं सुचेल."

आत्या पांढरी पडली. "हे तर मीच रोज मनात म्हणते. सगुणे, घाई नको म्हणत होते, ती भीती होती गं."

"भ्या हो खुशाल. पण बोला!"

दिवा फडफडत होता. तिनं बाळाच्या कानाशी तोंड नेलं, कुर्र केलं आणि जिभेवर आलं ते नाव सांगितलं. "जाई."

खालची हसायला लागली. हसू अर्धंच राहिलं. तिच्या जागी नुसती ओली फरशी. भिंत गप्प झाली. पाळण्याची दोरी वजनानं करकरली आणि बाळानं असा टाहो फोडला, की पिंगळा उडून गेला. माझे बंध आपोआप गळून पडले.

राजा तलवार घेऊन धावत आला. "अक्का, चेटूक करणारी सापडली?"

"सापडली."

"नाव सांग तिचं."

आत्यानं बाळ माझ्या हातात दिलं, भावासमोर मान वाकवली आणि क्षणभरही न थांबता स्वतःचं नाव सांगितलं.

"वज्रलेखा."