नववं गाणं

"मग तुम्हीच सांगा चाचा, या गाण्यात खोटं काय आहे?"

दस्तगीरचाचांनी कानावरचे हेडफोन काढले आणि वायर नीट गुंडाळून परत दिले.

"खोटं कुठं म्हटलं मी? चांगलं हाय की."

"चांगलं नकोय मला."

मिरजेतल्या तंबोऱ्यांच्या त्या दुकानात विश्राम कोठावळे उभाच होता. तीस वर्षं गिटार घेऊन हजारोंसमोर उड्या मारलेला माणूस, पण चाचांनी पुढे केलेल्या पाटावर त्याला दोन मिनिटं बसवेना. खांद्यावरची गिटार त्याने खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. खिशातला फोन तिसऱ्यांदा पाहिला.

बँड मोडून वर्ष झालं होतं. शुक्रवारी त्याचा एकट्याचा असा पहिला अल्बम येणार होता. नऊ गाणी. आठांची त्याला खात्री होती. नववं त्याला झोपू देत नव्हतं.

"बावीस वेळा रेकॉर्ड केलं, चाचा. दर वेळी वाटतं, मी नाटक करतोय."

"कुणावर हाय ते?"

चाचांना ठाऊक नव्हतं असं नाही. गाण्यात नाव नव्हतं, पण वाळलेल्या भोपळ्यांवर ताल धरणारा एक मुलगा होता. असा मुलगा या दुकानात एकच येत असे.

"जन्यावर," विश्राम म्हणाला.

दोघं इथंच वाढले. विश्राम तारांना चिकटला, जन्या तंबोऱ्यासाठी रचून ठेवलेल्या भोपळ्यांना. पुढे बँड निघाला तेव्हा ड्रमवर जन्याच होता. मग स्कूटरवरून पडून त्याचा उजवा हात अधू झाला आणि सगळ्यात मोठ्या दौऱ्याच्या आठवडाभर आधी विश्रामने त्याला काढून टाकलं. समोर जाऊन नाही, चार ओळींच्या मेसेजने. त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून दोघांत एक शब्द नाही. आता विश्रामने त्याच्यावर सहा मिनिटांचं गाणं केलं होतं. माणसं काय काय करतात! मला तर त्याचा रागही येतो आणि कीवही.

"गाण्यात सरळ माफी मागितलीय मी. काही लपवलं नाही. इतकं खरं आयुष्यात लिहिलं नव्हतं. तरी ते..."

चाचांनी भिंतीला टेकवलेला नवा तंबोरा आडवा घेतला.

"तार छेड."

"आत्ता?"

"छेड की."

विश्रामने छेडली.

"हळू रे. भांडायला आलायस का?"

त्याने हळू छेडली. चाचा तार टेकते त्या घोडीवर, तारेच्या खाली, सुताचा धागा सरकवत होते. आधी तार कोरडी वाजली. धागा केसभर पुढे गेला आणि तीच तार गुंजायला लागली. सगळं दुकान त्या आवाजाने भरलं.

"बस! लागलं, चाचा!"

चाचांनी धागा ओढून काढला. तार पुन्हा कोरडी झाली.

"अहो, काढलात कशाला? जमलं होतं!"

"तुझ्या कानाला जमलं. तंबोरा अंबूताईंचा हाय."

"मग?"

"त्या येतील. समोर बसून गातील. तवा बसवायचा धागा."

"साठ वर्षं तंबोरे करताय. कुठे बसवायचा ते तुम्हाला कळत नाही?"

"कळतंय की. माझ्या कानापुरतं."

...

विश्राम दारापर्यंत गेला आणि परत आला. बोटं मांडीवर वाजत होती.

"जन्यानं ऐकलं?" चाचांनी विचारलं.

"शुक्रवारी ऐकेल ना. सगळेच ऐकतील."

"सगळे..."

"आणखी काय करू मी? लाखभर लोकांसमोर माफी मागायला तयार आहे!"

हे तो ओरडूनच बोलला. मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं आणि तो खाली बसला, पाटावर नाही, नुसत्या फरशीवर.

"मी गेलो तर तो दार लावून घेईल, चाचा."

"लावंल बी."

"मग?"

चाचांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"पाण्याच्या टाकीमागं राहतोय. दोनला जेवून झोपतो. आत्ता दीड वाजलाय."

...

विश्राम घड्याळाकडे बघत राहिला. मग एकदम उठला, गिटार खांद्याला अडकवली, पट्टा आवळला, चपला पायात सरकवल्या. ओठांवर नवव्या गाण्याची पहिली ओळ आलीसुद्धा होती. भीती वाटली की तो गुणगुणायचा, पहिल्यापासूनची सवय.

एक पाय उंबऱ्याबाहेर पडला तोच मागून हाक आली.

"विश्राम."

तो वळला.

चाचा मान खाली घालून दुसरा धागा वळत होते.

"गिटार इथं ठेवून जा."