नीमाचा नवा पत्ता

टांझानियाची नीमा नाशिकला बी.ए. करून पुण्याच्या एका विद्यापीठात एम.ए.ला आली, तोवर ती झकास मराठी बोलू लागली होती. गाडी अडली ती वसतिगृहापाशी. पत्ता बदलला की परदेशी विद्यार्थ्यांना पोलिसांकडे नव्याने नोंद करावी लागते. ती नोंद झाल्याशिवाय खोली नाही, असं विद्यापीठ म्हणे आणि पत्ता असल्याशिवाय नोंद नाही, असं पोलीस म्हणत. नोंदीची मुदत संपत आली होती. ती हुकली असती, तर व्हिसा जाऊन शिक्षण सोडून घरी परतावं लागलं असतं.

शेवटी ती कुलसचिव धारवाडकरांना भेटली.

"तुमच्यासाठी नियम बदलणार नाही," साहेब खुर्चीत रेलून म्हणाले. "कुठे राहायचं तिथे राहा, पण आधी नोंद करून या."

"कुठेही चालेल, साहेब?"

"कुठेही!"

नीमा बाहेर गेली आणि बॅग, उशी घेऊन परत आली. साहेबांच्या सोफ्यावर तिने चादर अंथरली.

"अहो, हे काय?"

"आजपासून मी इथेच राहते. पोलिसांना पत्ता देते, कुलसचिवांची केबिन. ते चौकशीला आले की घरमालक म्हणून तुम्ही हो म्हणा."

दारातला शिपाई तोंड फिरवून हसला. साहेबांनी घाईघाईने वसतिगृहाला फोन लावला. "परदेशी मुलांना आधी खोली द्या, नोंद नंतर. हो, सगळ्यांनाच!"

नीमाने चादरीची घडी घातली.

"साहेब, पाच मिनिटांत माझा पत्ता बदलला. याचीही नोंद करायची का?"

आता मात्र साहेबांनाही हसू आवरेना.