म्हशीपुढे पाढा

पंचक्रोशीत माझ्याएवढ्या गोष्टी कुणालाच येत नाहीत. खरं सांगायचं तर मला एकच येते, आणि तीही दर खेपेला थोडी वेगळी येते. आज आली ती अशी.

एका गावात एक गवळी होता. त्याला एक म्हैस होती आणि एक लेक होती. म्हशीला तो जपायचा आणि लेकीला शिकवायचा. दोन्हींत फरक काय, ते पुढे कळेलच.

त्या गावाची एक रीत होती. गावजेवणाच्या दिवशी पंगत बसण्याआधी शाळेतल्या एकेका पोराला पारावर उभं करत आणि एकोणतिसाचा पाढा म्हणायला लावत. ज्याचं पोर घडाघडा म्हणेल, त्या बापाचं पान पहिलं. ज्याचं अडखळेल, त्याचं शेवटचं. आणि शेवटच्या पानापर्यंत खीर पोहोचेस्तोवर तिच्यातल्या शेवया संपलेल्या असत. ही रीत कुणी काढली ठाऊक नाही. काढणाऱ्याला बहुतेक पोरं नसावीत, किंवा खीर फार आवडत असावी.

गेल्या वर्षी गवळ्याची पोर ‘एकोणतीस चौक’पाशी अडली होती. यंदा पंतोजींनी बजावून ठेवलं, “या खेपेला अडखळली तर शाळेतून नाव काढीन. मग राखू दे म्हशी.” पोरीला शाळा आवडायची. म्हणजे अक्षरं, अंक आवडायचे. पंतोजीही आवडले पाहिजेत असा काही नियम नव्हता.

झालं, घरात तयारी सुरू झाली. सकाळी बाप विचारी, दुपारी आई विचारी. आत्या तर शेजारच्या गावाहून मुद्दाम विचारायला आली आणि चार दिवस राहून विचारत बसली. आत्याला स्वतःला दहाच्या पुढे मोजता येत नव्हतं, त्यामुळे ती फार कडक होती.

विचारणारे वाढले, तसा पाढा आखूड होत गेला. आधी पोर चौकाला अडायची, आता दुणेलाच अडू लागली. तिला जेवण जाईना. साताचा पाढा तिला झोपेतही येत होता, तोसुद्धा एके दिवशी हरवला.

“डोक्यात काय भरलंय तुझ्या, पेंड?” बाप ओरडे.

मग पोर गोठ्यात जाऊन म्हशीची मान खाजवत बसे आणि हळूच पाढा पुटपुटे. म्हैस रवंथ करी. चूक काढत नसे, भुवया उडवत नसे, शेजारणीची पोर किती हुशार ते सांगत नसे. तिथं पाढा एकोणतीस दाहे दोनशे नव्वदपर्यंत सरळ चालत जाई. पण हे म्हशीशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि म्हशीला कुणी विचारलं नव्हतं.

गावजेवणाची सकाळ उजाडली. खिरीसाठी दूध न्यायला पंतोजी स्वतः गोठ्यात आले, हातात काठी.

“आटप रे, चूल पेटलीय,” ते म्हणाले.

गवळी कासंडी घेऊन धार काढायला बसला. थेंब येईना.

“का रे, आटली की काय?”

“आटेल कशानं, गुरुजी? दूध आहे तिथंच आहे. तुमची काठी बघून घाबरली आणि पान्हा चोरला तिनं. आता नाही सोडायची.”

“मग दे एक रट्टा.”

“रट्ट्यानं उद्याचंही जाईल. तुम्ही असं करा, काठी बाहेर ठेवा. आणि काठीला सोबत म्हणून तुम्हीही जरा बाहेर उभे राहा.”

पंतोजी काठीसकट भिंतीआड गेले. गवळ्यानं लेकीला हाक मारली, “बये, उभी राहा गं हिच्यापाशी. तुझं ऐकते ती.”

पोरीनं मान खाजवली आणि रोजच्यासारखी पुटपुटू लागली. एकोणतीस एके, एकोणतीस दुणे. म्हशीनं कान पाडले. कासंडीत धार वाजू लागली. चौक झालं, पाचे झालं, पाढा दाहेपर्यंत गेला आणि कासंडी भरत आली.

भिंतीआड पंतोजींनी सगळं ऐकलं. त्यांना इतका आनंद झाला की ते काठी घेऊनच आत धावले. “शाबास! परत म्हण, मोठ्यानं म्हण!”

म्हशीनं लाथ झाडली. कासंडी एका कोपऱ्यात गेली आणि पंतोजी दुसऱ्यात. पोरीचं तोंड मिटलं ते मिटलंच.

“आत्ता तर म्हणत होतीस,” गवळी खेकसला. “कुठं गेला पाढा?”

“आहे तिथंच आहे, आबा,” पोर म्हणाली.

गवळ्यानं उपडी कासंडी उचलली आणि शेणात मिसळलेल्या दुधाकडे बघत उभा राहिला.

दुपारी पारावर नावं पुकारली. गवळी उठला. “माझी पोर उभी राहणार नाही. माझं पान शेवटी मांडा.”

“आणि शाळेचं काय?” पाटलानं विचारलं.

सगळ्यांनी पंतोजींकडे पाहिलं.

“पाढा मी ऐकलाय,” पंतोजी कंबर चोळत म्हणाले. “एकही चूक नाही. लाथसुद्धा बरोबर बसली.”

नाव शाळेत राहिलं. मग पाटलाचा मुलगा उभा राहिला. पाटील मोठ्यानं खाकरला, आणि पोरगा त्रिकाशीच थिजला. गवळ्याला शेवटच्या पानावर शेजार मिळाला. त्या वर्षी खीर पहिल्या पानावरही पातळच आली, कारण दूध शेणात गेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून पंतोजी पाढे गोठ्यात घेऊ लागले. काठी दाराबाहेर. पोरं बसत, पुटपुटत, म्हैस ऐकून घेई. महिन्याभरात पाटलाच्या पोरालाही एकोणतीस येऊ लागला. पंतोजींना वाटलं, आपणच काहीतरी मोठा शोध लावला. मग एके सकाळी त्यांनी सगळ्यांना ओळीनं बसवून सांगितलं:

तात्पर्य: घाबरलेल्या म्हशीचं दूध आणि घाबरलेल्या पोराची विद्या असते जागच्या जागी, पण बाहेर येत नाही.

“झकास,” पंतोजी स्वतःच म्हणाले. “आता हे प्रत्येकानं उद्या तोंडपाठ करून यायचं. आणि जो अडखळेल ना, त्याला...” सवयीनं त्यांचा हात दाराबाहेरच्या काठीकडे गेला.

“हळू, गुरुजी,” गवळ्याची पोर म्हणाली. “म्हैस ऐकतेय.”