भिंतीवरचे घोडे

त्या राज्यात धावायला जागा एकच होती, आणि ती घोड्यांची होती. डोंगरमाथ्यावरची लांबच लांब धार, तिची अकरा वळणं, शेवटचा उतार, सगळं त्यांचं. बाकीच्यांनी खाली उभं राहायचं, वर धूळ उडाली की "आले, आले" म्हणायचं आणि मान दुखायला लागली की आपापल्या कामाला लागायचं. तसा कुणी कायदा केलेला नव्हता. बेडकाला धारेवर जायची बंदी नव्हती. बेडूक तिथवर पोचू शकत नव्हता, इतकंच. अशा गोष्टींना कायदा लागतच नाही.

डोंगराच्या पोटात एक गुहा होती आणि तिथे साळू नावाची सायाळ राहायची. गुहेच्या छताला फट होती. सकाळी त्या फटीतून ऊन आत उतरायचं आणि दुपारपर्यंत समोरच्या भिंतीवर पसरून राहायचं. साळूने त्या भिंतीवर कोळशाने धार काढली, अकराच्या अकरा वळणांसकट. वाळक्या पानांचे घोडे कातरले, ते स्वतःच्याच गळलेल्या काट्यांना टोचले आणि काट्यांना वाखाच्या दोऱ्या बांधल्या. खेळणाऱ्याने दगडावर बसायचं. एक दोरी ओढली की भिंतीवर सावलीचा घोडा पुढे धावायचा, दुसरी ओढली की वळायचा. तिसरी दोरी परतीची. घोडा रेघेबाहेर गेला म्हणजे कड्यावरून पडला; मग ती दोरी ओढायची आणि घोडा पाच हात मागे यायचा. त्याआधी आपली चूक मोठ्याने सांगायची, एवढी एकच तिथली रीत. "वळण उशिरा घेतलं," असं बसलेल्याने म्हणायचं आणि सगळ्या गुहेने म्हणायचं, "घे परत."

सकाळच्या उन्हाला गुहेत पाय ठेवायला जागा नसायची. बेडूक, घूस, पारवे, आंधळं चिचुंदर सगळे यायचे. चिचुंदराला भिंत दिसत नव्हती. तरी ते रोज यायचं, शेजाऱ्याला वळणं विचारून दोऱ्या ओढायचं आणि कधीकधी जिंकायचंसुद्धा.

सगळ्यांत आधी यायचा तो ओढ्यातला खेकडा. खेकड्याचं दुखणं सरळ होतं, म्हणजे सरळ नव्हतं हेच दुखणं होतं. जन्मापासून तो आडवा चालत आलेला. पुढे जायचं मनात आणलं की पाय बाजूला न्यायचे. ओढ्यातले मासेसुद्धा त्याला बघून वाट सोडायचे, आणि ती काही आदराने नव्हे. या भिंतीवर मात्र त्याचा घोडा नाकासमोर धावायचा. पहिल्या दिवशी धावला तेव्हा खेकडा दगडावरून उठेचना. "साळूमावशी," तो म्हणाला होता, "समोरचं असं समोरच येतं होय?"

साळूने स्वतः धार कधी पाहिली नव्हती. भिंत रंगवण्याआधी तिने पाणी प्यायला उतरलेल्या एका घोड्याला विचारलं होतं, की वर कसं असतं हो? घोडा थोडा विचार करून म्हणाला, "पाय दुखतात." साळूने ते भिंतीवर घेतलं नाही. दुखरे पाय सगळ्यांकडे होतेच, त्यासाठी कुणी गुहेपर्यंत कशाला येईल?

मग एके सकाळी खेचरराव आले.

खेचरराव घोड्यांच्या पागांना चारा पोचवायचे. पागा नऊ. रोज पाठीवर भारे घेऊन चढायचं, एकेका दारात थांबायचं, भारा उतरवला की पुढच्या दारात. पण बोलताना ते चाऱ्याचा विषय काढत नसत. "आमच्या आईकडचे सगळे धारेवर धावतात," एवढंच सांगत, आणि ते खरं होतं. भिंतीकडे बघून त्यांनी नाक मुरडलं. "छान आहे. लहान पोरांना बरं आहे. पण साळूबाई, हे खरं नाही."

आपण जे करतो ते खरं नाही, हे गुहेत सगळ्यांना ठाऊक होतं. पण कुणी तोंडावर म्हणालं नव्हतं.

"खरं कसं असतं?" साळूने विचारलं.

"वर धूळ असते. डोळे उघडता येत नाहीत."

साळूने उन्हाच्या वाटेत मूठभर माती उधळली. भिंतीवर लाटा उठल्या, वळणं दिसेनाशी झाली, घोडे त्यातून निसटून बाहेर येऊ लागले. शर्यत रंगली, खोटं कशाला बोला. खेकडा तर दुप्पट खूश झाला. खेचररावांचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं, असं साळूलाही वाटलं, आणि तिची चूक तिथे सुरू झाली. तिला वाटलं, खरं जितकं घालू तितकी शर्यत चांगली होईल.

पुढच्या खेपेला खेचरराव म्हणाले, "धारेवरून पडला तो पडला. तिथे घे परत म्हणायला कोण बसलंय?" परतीच्या दोऱ्या कापल्या गेल्या. घूस बिचारी पहिल्याच वळणावर पडायची. पूर्वी पडायची, चूक सांगायची, परत यायची आणि हळूहळू सातव्या वळणापर्यंत पोचली होती. आता ती नऊ सकाळी आली, नऊदा पहिल्या वळणावर पडली. दहाव्या सकाळी आली नाही. चुका मोठ्याने सांगणंही बंद झालं, कारण सांगून उपयोग काय?

मग खेचरराव म्हणाले, "खऱ्या घोड्याला वजन असतं." पानांच्या घोड्यांच्या पाठीवर खडे बांधले गेले. पारव्यांना दोऱ्या ओढवेनात. ते दोन दिवस गुहेच्या कपारीत बसून नुसते बघत राहिले, मग तेही उडाले. मग खेचरराव म्हणाले, वळण शेजाऱ्याला विचारायचं नाही, धारेवर कोण सांगतं? चिचुंदर मुकाट्याने उठलं आणि भिंत चाचपत बाहेर गेलं. कुणी हूं की चूं केलं नाही. खऱ्याच्या विरुद्ध बोलायचं म्हणजे आपण खोट्याच्या बाजूचे ठरायचो, ही भीती प्रत्येकाच्या पोटात होती.

"गर्दी कमी झाली," साळू एकदा हळूच म्हणाली.

"दर्जा वाढला," खेचरराव म्हणाले.

आता गुहेत उरले होते पाचसहा जण. त्यात खेकडा होता. पडायचा, शिव्या द्यायचा, दुसऱ्या सकाळी पुन्हा हजर. खड्यांच्या ओझ्याने त्याची एक नांगी सुजली होती, तरी शेवटच्या उतारापर्यंत तो पोचायचा. सरळ पोचायचा. त्याला बघून खेचररावांच्या कपाळावर आठी उमटायची, आणि एका सकाळी ती आठी बोलली.

"सगळं खरं झालं, पण मुळातच एक खोट राहिली आहे. हा खेकडा. याचा घोडा सरळ कसा धावतो? उद्यापासून दोऱ्या हातात धरायच्या नाहीत, पायांना बांधायच्या. जो जसा चालतो तसाच त्याचा घोडा चालला पाहिजे. याच्याहून खरं ते काय असणार?"

साळूने मान खाली घातली. उत्तर तिच्याकडे होतं, पण ते पटवून देण्यासारखं आहे असं तिला आता वाटत नव्हतं. तिने दोऱ्या उचलल्या आणि ती खेकड्याच्या दगडाकडे निघाली.

खेकडा दगडावरून खाली उतरला नाही. त्याला चांगलंच कळलं होतं. एकदा त्या दोऱ्या पायांना बसल्या की उरलेल्या आयुष्यात त्याला कुठेच, सावलीतसुद्धा, सरळ जाता येणार नव्हतं. त्याला संताप आला होता.

"बांधून घेतो," तो म्हणाला. "पण नियम ज्याने काढला त्याने आधी बांधून घ्यावं."

"मी?" खेचरराव म्हणाले. "मी खेळायला आलेलो नाही. मी सांगायला आलोय."

"ते दिसतंय. इतके दिवस सांगताय, एकदा बसलेला नाहीत. आईकडचे धावतात म्हणता ना? मग चार पाय तुम्हालाही आहेत. दाखवा की एकदा. मी हलत नाही इथून."

उरलेले पाचसहा जण खेचररावांकडे बघू लागले. आता मागे सरणं शोभलं नसतं. खेचररावांनी एकेक पाय पुढे केला, साळूने दोऱ्या बांधल्या. त्यांनी मान उंच केली, छाती काढली आणि ते चालू लागले. भिंतीवर घोड्याने मान उंच केली आणि तोही धारेवर निघाला. खरोखर देखणा निघाला.

दहा पावलं झाली आणि खेचररावांचे पाय थांबले. भिंतीवरचा घोडाही थांबला. त्याची मान खाली गेली, पाठ एका अंगाला कलली आणि तो तसाच उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने पाठ सरळ केली, दहा पावलं गेला, पुन्हा थांबला, पुन्हा कलला. गुहेतल्या कुणी वरच्या पागा पाहिलेल्या नव्हत्या. पण तिसऱ्या खेपेला प्रत्येकाच्या लक्षात आलं की हा घोडा एकेका दारापाशी थांबतो आहे आणि पाठीवरचं कुणी उतरवून घेईल म्हणून वाट बघतो आहे.

कुणी हसलं नाही. खेचरराव भिंतीकडे बघत होते आणि त्यांचे पाय त्यांचं ऐकत नव्हते. चौथं दार झालं, पाचवं झालं.

"दोऱ्यांचं काहीतरी चुकलंय," ते म्हणाले.

साळूने चारही गाठी तपासल्या. "दोऱ्या बरोबर आहेत, खेचरदादा."

नऊच्या नऊ दारं झाली. मग घोडा वळला आणि मान खाली घालून, आला त्या वाटेने परत निघाला. अकरा वळणांपैकी त्याने एकही पाहिलं नव्हतं.

तेव्हा खेकडा दगडावरून उतरला. आडवा आडवा, सगळ्यांच्या देखत, कुणाला विचारायच्या भानगडीत न पडता तो खेचररावांच्या पायांपाशी गेला आणि त्याने सुजलेल्या नांगीने चारही गाठी कातरल्या. मग काट्यांवर चढून सगळ्या घोड्यांच्या पाठींवरचे खडे तोडले. ते खाली पडताना मोठा आवाज झाला. साळूने त्याला अडवलं नाही. उलट ती उठली आणि कापलेल्या परतीच्या दोऱ्यांना नवं टोक जोडू लागली.

"हे खरं नाही," खेचरराव म्हणाले, पण फारच हळू.

"नाहीच आहे," खेकडा म्हणाला. त्याने दोन दोऱ्यांची टोकं त्यांच्या तोंडात दिली. "ही पुढे जायला. ही वळायला. बसा."

खेचररावांना दोऱ्या थुंकून टाकता आल्या असत्या. त्यांनी त्या दातांत घट्ट धरल्या. खेकडा शेजारच्या दगडावर जाऊन बसला. भिंतीवर अजून ऊन होतं. दोन घोडे निघाले, एकामागून एक वळणं घेत, आणि चौथ्या वळणावर शेजारी शेजारी आले. खेकड्याने खेचररावांकडे वळूनही पाहिलं नाही, की वेग कमी केला नाही. पाचव्या वळणाला त्याचा घोडा नाकासमोर पुढे निघून गेला. मागून खेचररावांचा घोडा मान ताणून भरधाव येत होता, आणि त्याच्या पाठीवर काहीच नव्हतं.